लांब पायांचे गुरुजी

"जगात जन्माला येणाऱ्या जिवांच्या प्रती तीनच. प्रदर्शनाची, पैदाशीची आणि लळ्याची. चौथी प्रत काढायची देवालासुद्धा मुभा नाही."

कुमाझाकी गेन्झो हे वाक्य चाळीस वर्षं म्हणत आले. म्हणताना ते परसातल्या पालथ्या बादलीवर बसलेले असत, आणि बहुतेक वेळा त्यांच्या गवती टोपीवर एखादी तलंग चढून बसलेली असे. तिच्या मते गुरुजींची प्रत फांदीची होती.

नागारा नदीच्या त्या काठाला चाबो कोंबड्या नसलेलं घर सापडणं कठीण, आणि कुमाझाकी गुरुजींना न घाबरणारा चाबोवाला सापडणं त्याहून कठीण. चाबो म्हणजे ओंजळीत मावेल एवढा कोंबडा. अंग पांढरं, शेपूट काळी आणि डोक्याच्याही वर उभी, पंख जमिनीला टेकलेले, आणि पाय इतके आखूड की तो चालतोय की कुणी त्याला दोरीनं ओढतंय ते कळू नये. पाय दिसले की कारभार आटोपला. "पाय दिसतात तो चाबो नव्हे," गुरुजी म्हणत, "तो शेजारी."

असे शेजारी दर वर्षी प्रत्येकाच्या खुराड्यात निघत. त्यांना प्रत नसे, म्हणून घरात जागाही नसे. हाचिमानच्या देवळामागे देवदारांची जुनी राई होती, तिथे त्यांना सोडून यायचं. ही गोष्ट सगळे करत आणि कुणीही कबूल करत नसे. पहाटे झाकलेली टोपली घेऊन जायचं, रिकामी घेऊन यायचं, आणि वाटेत कुणी भेटलाच तर "अळंबी शोधायला गेलो होतो" म्हणायचं. समोरच्याच्याही हातात टोपली असे, तोही अळंबीच शोधत असे. त्या राईत आजवर एक अळंबी उगवलेली नाही.

गुरुजींचे शिष्य पुष्कळ, पण टिकला तो फुतामुरा इसोजी. तातामीच्या चटया शिवण्यात त्याची हयात गेली होती. जन्मभर गुडघ्यांवर काम केल्यामुळे त्याला बसायचं म्हणजे गुडघे रुंद करून, जागा व्यापून बसायचं एवढंच ठाऊक होतं. आपल्याखाली काय आलं ते त्याला सहसा कळत नसे. बायकोचा चष्मा, पाहुण्यांनी आणलेला खाऊचा पुडा, एकदा तर चाबोवाल्यांच्या सोसायटीच्या अध्यक्षांची नवी टोपी, असं बरंच काही त्या गुडघ्यांखाली सपाट झालं होतं.

इसोजीच्या मनात एकच गोष्ट होती. गुरुजींनी आपली प्रत सांगावी.

सुरुवात थट्टेनं झाली. बोनच्या सणात पितर घरी येतात, तेव्हाच कुमाझाकींच्या घरी वर्षाच्या पिल्लांची निवड होत असे, म्हणजे चार पिढ्यांच्या कोंबडेवाल्यांनाही बघता यावं. एका वर्षी निवड संपल्यावर इसोजीनं हसत विचारलं, "गुरुजी, आणि मी कुठल्या प्रतीचा?" गुरुजींनी डावा डोळा बारीक केला. पक्षी बघताना ते असेच बघत, एका डोळ्यानं, मान तिरपी करून. मग खोकले. त्यांचा खोकला ठरलेला होता, दोन कोरडे आणि एक लांब, शेवटी शिटी वाजल्यासारखा. खोकून झाल्यावर म्हणाले, "अजून वाढ पुरी झालेली नाही."

तेव्हा इसोजी चाळिशीचा होता. पुढे तो दर बोनला विचारत राहिला आणि त्याची वाढ दर बोनला अपुरी निघत गेली. केस पांढरे झाले तशी थट्टा संपली, प्रश्न तेवढा उरला.

मागच्या शरदात, भातकापणीच्या दिवसांत, गुरुजींचं संपत आलं. निरोप आल्याबरोबर इसोजी धावत गेला आणि अंथरुणाशी गुडघे टेकून बसला. उशाशी गुरुजींची बायको ताझुकाकू होत्या. बाहेर एका खुडूक कोंबडीखाली पाच अंडी होती.

"गुरुजी," इसोजी म्हणाला, "आता तरी सांगा. माझी प्रत कोणती?"

गुरुजींनी डावा डोळा उघडला. बराच वेळ इसोजीकडे बघितलं. दोन कोरडे, एक लांब.

"इसो, तू..." ते म्हणाले, आणि गेले.

ते "तू" इसोजीच्या मागे लागलं. किटलीतलं पाणी उकळायला लागलं की आधी 'इसो' म्हणे आणि मग 'तू' म्हणे. थंडीत छपरावरून बर्फ घसरला तरी तेच, उन्हाळ्यात झाडांवर किडे किरकिरले तरी तेच. गुरुजी स्वप्नात येत नसत, ही तक्रार नव्हती. तक्रार अशी होती, की स्वप्नात फक्त एक डोळा येई.

"अहो, 'इसो, तू चहा घेऊन जा' म्हणणार असतील," त्याची बायको किनुए म्हणे.

"मरताना माणूस चहाचं बोलेल?"

"तुम्ही मरणाऱ्या माणसाला कोंबड्यांचं विचारलंत. ते चहाचं बोलले तर काय बिघडलं? आणि उठा बघू, पेपरवर बसलायत. वाचायचाय मला."

बोन आला. गुरुजी गेल्यानंतरचा पहिलाच, म्हणून ताझुकाकूंच्या दारात पांढरा कंदील लागला. तेरा तारखेच्या संध्याकाळी पितरांना वाट दाखवायला फाटकाशी तागाच्या काड्या पेटवायच्या असतात. काकूंचे हात थरथरत, म्हणून काड्या इसोजीनं पेटवल्या. पितरांना ये-जा करायला किनुएनं वांग्याचा बैल आणि काकडीचा घोडा देव्हाऱ्यापाशी मांडून ठेवला होता. धूर सरळ वर जात होता, वारा नव्हता.

तेवढ्यात रस्त्याच्या बाजूनं एक कोंबडा आला.

पांढरं अंग, काळी शेपूट, झकास तुरा. आणि दिसणारे पाय. चांगले स्वच्छ दिसणारे, पिवळे, लांब. तो जळत्या काड्यांपाशी थांबला, एक पाय उचलला, धुरावरून शांतपणे पलीकडे ठेवला, मग दुसरा. अंगणातून ओसरीवर आला, ओसरीवरून आत गेला. तिघं जण त्याच्या मागोमाग गेली. देव्हाऱ्यासमोर गुरुजींचं निळं आसन घातलं होतं, ते फिरून फिरून सपाट करून तो त्यावर उभा राहिला. मान तिरपी केली. डाव्या डोळ्यानं इसोजीकडे बघितलं.

मग खोकला. दोन कोरडे, एक लांब, शेवटी शिटी.

किनुएच्या हातातलं डांगराच्या फोडींचं ताट खाली आलं ते आसनाच्या कडेलाच. "अगं बाई," ती म्हणाली.

ताझुकाकूंनी मात्र वाकून नमस्कार केला. "आलात?" त्या म्हणाल्या. "उशीर झाला. शेवया गार झाल्या."

त्या रात्री नवरा-बायको घरी आले. दारात चप्पल काढताना किनुए म्हणाली, "कोंबडा त्यांच्याच खुराड्यातला आहे. गुरुजी गेले त्या दिवशीच्या अंड्यांतला. एक अंड्यात राहिलं, चार निघाली, त्यातला हा. काकू त्याला मागच्या बाजूला लपवून ठेवायच्या, मला माहीत होतं. फिरायला गेला असेल, परत आला."

"आणि खोकला?"

"कोंबड्याला सर्दी होते." जरा वेळानं ती म्हणाली, "देव्हाऱ्यातला दिवा आज राहू द्या."

पंधरा तारखेला सकाळी ताझुकाकूंनी निरोप पाठवला की निवडीला ये.

परसात पालथी बादली होती. इसोजी तिच्यावर बसला नाही, शेजारी गवतावर टेकला. निवडीचं लाकडी टेबल धुऊन ठेवलं होतं. त्यावर पक्षी ठेवायचा आणि आधी नुसतं बघायचं. हात लावायच्या आधी डोळा लाव, हा गुरुजींचा पहिला धडा. उभा कसा राहतो, घाबरला की शेपूट पडते का, रागावला की पंख उचलतो का. मग उचलायचं, तुऱ्याचे दाते बघायचे, छातीचं हाड बोटानं चाचपायचं, पिसं फुंकून खालची कातडी बघायची. सगळं झाल्यावर पायाला दोरा. प्रदर्शनाच्याला काळा, लळ्याच्याला पांढरा, पैदाशीच्याला डाव्या पायात तांबडा. दोरा इसोजीच्याच दुकानातला असे, चटया शिवायचा मेणाचा ताग. गुरुजी तुकडे मागून नेत आणि पैशांचा विषय निघाला की त्यांना खोकला येई.

तीन पक्षी झटक्यात झाले. एक तलंग प्रदर्शनाची, इतकी देखणी की इसोजीला वाटलं कागदाची आहे. एक पैदाशीची. एका कोंबड्याचा तुरा मुडपलेला, पण स्वभाव लोण्यासारखा, तो लळ्याचा.

चौथा स्वतःच चालत आला आणि टेबलावर चढला. चढायला त्याला काही त्रास पडला नाही, पाय तसेच होते.

इसोजी त्याच्याकडे बघत बसला आणि कोंबडा इसोजीकडे. थोड्या वेळानं इसोजीला कळेना की निवड कोण कुणाची करतंय. त्यानं नजर खाली घातली.

"सांग," ताझुकाकू म्हणाल्या.

"काकू, याला प्रत नाही."

"ते मला दिसतंय."

"मग राईत..."

"उद्या सोळा तारीख. पितरांच्या पाठवणीचा जाळ लागायच्या आत लांब पायाचा घरातून गेला पाहिजे. यांचाच नियम." त्या ओसरीच्या कडेला बसल्या. काठीवर दोन्ही हात ठेवून, हातांवर हनुवटी ठेवून. "मला हा ठेवायचाय, इसो. वर्षभर मला बोलायला हाच आहे. पण नियम मोडून नाही ठेवायचा. पहिल्याच बोनला घरात त्यांचा नियम मोडलेला दिसला तर पुढच्या वर्षी ते येतील का? एवढ्यातेवढ्यावरून रुसून बसायचे, तुला ठाऊक आहे. म्हणून प्रत पाहिजे. कुठलीही चालेल. पण खरी पाहिजे."

"लळ्याचा म्हणू?"

कोंबडा खोकला.

"बघ," काकू म्हणाल्या. "खोटं बोललेलं त्यांना कळतं."

 खरं म्हटलं तर इसोजीला एका गोष्टीची मजा वाटायला हवी होती. ज्यांनी आयुष्यभर आपली प्रत सांगितली नाही, त्यांची प्रत आपण सांगायची. पण मजा वाटली नाही. तो डोळा तसाच रोखलेला होता, आणि त्या डोळ्यात ते अर्धं राहिलेलं वाक्य होतं. याला राईत सोडलं तर वाक्यही राईत गेलं. याला खोटी प्रत दिली तर खोटं सांगणाऱ्याला गुरुजी काय म्हणतील ते विचारायलाच नको.

"उद्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या," तो म्हणाला.

दुपारभर तो घरात येरझाऱ्या घालत होता. शेवटी किनुए म्हणाली, "जा ना मग, बघून या. ज्या राईत त्याला सोडायचं ती राई तरी कशी आहे ते बघा. चाळीस वर्षं तुम्ही नुसते टोपली उपडी करून पळून येताय."

हे खरं होतं. सोडणारा कधी मागे वळून बघत नसे. मागे वळलं तर ते येतात, असं म्हणत.

दिवस कलताना इसोजी राईत शिरला. हातात टोपली नव्हती, त्यामुळे त्याला उघड्यावर आल्यासारखं वाटत होतं. देवदार इतके दाट की बाहेर अजून ऊन होतं आणि आत दिवेलागण झाली होती. देवळाच्या मागच्या पायऱ्या शेवाळानं हिरव्या झालेल्या. थोडं आत गेल्यावर फांद्यांवर पांढरं दिसायला लागलं.

आधी एक, मग चार, मग सगळीकडे. प्रत्येक फांदीवर पांढरं अंग आणि काळी शेपूट, रांगेनं, गप्प. झोपायच्या वेळेला कोंबड्या कुरबुर करतात, जागेवरून भांडतात. इथे आवाज नव्हता. नुसते पाय दिसत होते. लांब, पिवळे, फांदीला धरून बसलेले. त्या काठावरच्या सगळ्या घरांतून, सगळ्या वर्षांत, ज्यांना प्रत मिळाली नाही ते सगळे आणि त्यांची पोरंनातवंडं. आणि सगळ्यांची मान तिरपी. सगळ्यांचा एकेक डोळा इसोजीवर.

इसोजी खाली बसला. खाली दगड होता, बसायच्या उंचीचा, झिजून गुळगुळीत झालेला. दगडाशेजारी एक वाडगा होता. निळा, लाटांची नक्षी असलेला, कड उडालेला. कुमाझाकींच्या घरी याच नक्षीचे चार वाडगे होते. पाचवा मांजरानं फोडला असं गुरुजी सांगत. त्या घरात मांजर कधीच नव्हतं, हे इसोजीच्या आता लक्षात आलं.

वरून एक कोंबडा फडफडत उतरला आणि वाडग्यापाशी येऊन उभा राहिला. म्हातारा होता, पायांमागच्या आरा वळून आत गेलेल्या. वाडग्यात बघितलं, इसोजीकडे बघितलं. वाट बघत असल्यासारखा. मग दुसरा उतरला. मग पाचसहा. त्या अंधुक उजेडात म्हाताऱ्याच्या डाव्या पायात काहीतरी दिसलं. इसोजी वाकला.

तांबडा दोरा होता. विटलेला, पण मेणाचा ताग. गाठ दुहेरी, टोक आत खोचलेलं. गुरुजींची गाठ. अशी गाठ दुसऱ्या कुणालाच मारता येत नसे, कारण गुरुजी ती कुणाला शिकवत नसत.

त्यानं दुसऱ्याचा पाय बघितला. तिथेही तांबडा. तिसऱ्याला नव्हता, चौथ्याला होता.

इसोजी तसाच बसून राहिला आणि त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर यायला लागली. आखूड पायाचा कोंबडा आणि आखूड पायाची कोंबडी, अशी जोडी लावली की काही पिल्लं अंड्यातच राहतात. पूर्ण वाढलेली, चोच कवचाला लावलेली, आणि मेलेली. ही गोष्ट तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. लोक त्याला देखणेपणाची दक्षिणा म्हणत आणि देऊन टाकत. इसोजीच्या घरी ही दक्षिणा वर्षागणिक वाढत चालली होती. गुरुजींच्या घरी मात्र अंडी फुटायची, पिल्लं निघायची. लोक म्हणत, हात गुणाचा आहे. गुरुजी म्हणत, जेवण झाल्यावर संध्याकाळचं फिरावं, पचन बरं राहतं.

हे ते फिरणं. बोननंतर लांब पाय घरात रात्र काढणार नाही असं सगळ्यांना दम देऊन सांगायचं, आणि संध्याकाळी इथे येऊन या दगडावर बसायचं. दाणे टाकायचे, एकेकाला बघायचं, आणि जो बरा वाटेल त्याच्या पायात तांबडा दोरा बांधून वसंतात त्याला रुमालाखाली झाकून घरी न्यायचा. आखूड पायाच्या देखण्या कोंबड्यांना नवरा म्हणून. सोसायटीनं ज्यांना बक्षिसं दिली ते सगळे या राईची नातवंडं होते. चौथी प्रत देवालासुद्धा काढता येत नव्हती. ती गुरुजींनी काढली होती आणि भीतीनं कुणाला सांगितली नव्हती. अध्यक्ष होरिबे औषधांचं दुकान चालवत आणि नियमांचं पुस्तकही, त्यांना कळलं असतं तर प्रदर्शनांतलं गुरुजींचं परीक्षकपण दुसऱ्या दिवशी गेलं असतं.

इसोजीला हसू यायला लागलं. आणि तेवढ्यात म्हातारा कोंबडा खोकला.

दोन कोरडे, एक लांब, शेवटी शिटी.

समोरच्या फांदीवरून उत्तर आलं. दोन कोरडे, एक लांब. मग डावीकडून. मग वरून, मग मागून, जिथे इसोजीला वळून बघायचं नव्हतं तिथून. अख्खी राई खोकायला लागली. शंभर गुरुजी, काळोख्या झाडांत बसून, एकमेकांची विचारपूस केल्यासारखे खोकत होते. कोंबड्यांचा रोग गुरुजींना जडला होता की गुरुजींचा कोंबड्यांना, हा विचार करायला तिथे कुणी थांबलं नसतं. इसोजीही थांबला नाही. पायऱ्या त्यानं बसूनच उतरल्या.

वाटेत होरिबे भेटले. हातात झाकलेली टोपली.

"अळंबी," होरिबे म्हणाले.

"पुष्कळ आहेत," इसोजी म्हणाला आणि पळत राहिला.

सोळा तारखेला संध्याकाळी तो ताझुकाकूंकडे गेला. किनुएही आली. 'मला काही भीती वाटत नाही,' असं तिनं वाटेत तीनदा सांगितलं होतं. कोंबडा निळ्या आसनावर होता. शेजारी देव्हारा, वांग्याचा बैल जरा सुकून वाकलेला. इसोजीनं खिशातून दोरा काढला. तांबडा.

"पैदाशीचा," तो म्हणाला.

 सगळे कोंबड्याकडे बघत होते. कोंबड्यानं डावा डोळा मिटला, उघडला. खोकला नाही.

ताझुकाकूंच्या तोंडावर हात गेला. खांदे हलायला लागले. किनुए धावली, पण काकू रडत नव्हत्या. "या वयात?" त्या कशाबशा म्हणाल्या. "अरे इसो, पन्नास वर्षं संसार केला, यांना असं कुणी म्हटलं नाही रे!"

किनुए फिसकन हसली आणि मग एकदम गप्प झाली. काकूंना दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पाळणा माळ्यावरच राहिला होता, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. त्याविषयी त्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं. पण अंड्यात राहिलेलं प्रत्येक पिल्लू गुरुजी स्वतःच्या हातानं परसातल्या तुतीखाली पुरत, आणि वर एक गोटा ठेवत, हेही माहीत होतं. दुसरे लोक उकिरड्यावर टाकत.

काकूंनी डोळे पुसले. "वाडगा बघितलास?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"वाडगा मीच दिला. पचनासाठी फिरतो म्हणायचे. पचायला जड असं या घरात होतं काय? भात आणि मुळा." त्या कोंबड्याकडे वळल्या. "पहिल्यांदा गेले ते वर्ष मला आठवतं. त्या वर्षी सगळी अंडी राहिली होती, एकही पिल्लू निघालं नाही. मला म्हणाले, ताझु, मी हे पुन्हा बघू शकत नाही. एवढंच. मग टोपी घातली आणि गेले."

इसोजी आसनाजवळ सरकून बसला, गुडघे रुंद करून, आणि कोंबड्याच्या डाव्या पायात दोरा बांधला. गाठ जमली नाही. साधीच मारली, टोक लांब राहिलं.

मग पाठवणीचा जाळ झाला. फाटकाशी काड्या पेटल्या, धूर वर जायला लागला. कोंबडा ओसरीवरून उतरला. दोऱ्याचं तांबडं टोक मागे ओढत तो अंगणातून फाटकापर्यंत गेला आणि धुराच्या अलीकडे थांबला. काकूंनी किनुएचा हात धरला. रस्त्याच्या पलीकडे, शेतांपलीकडे राई काळी दिसत होती. तिथून खोकल्याचा आवाज आला. इतक्या लांबून यायला नको होता, पण आला.

कोंबड्यानं एक पाय उचलला. पुष्कळ वेळ तो तसाच उचललेला होता.

मग त्यानं तिकडे तोंड करून उत्तर दिलं, दोन कोरडे आणि एक लांब, पाय खाली ठेवला, वळला आणि घरात आला. काकूंनी किनुएचा हात सोडला तेव्हा त्यावर चार बोटं उमटली होती.

आत सगळे पुन्हा बसले. चहा आला. इसोजी नेहमीच्या जागी, आसनाशेजारी, कोंबड्याच्या अगदी जवळ. कोंबडा आसनावर उभा राहून त्याच्याकडे बघत होता, डाव्या डोळ्यानं, एकटक. आता विचारलं नाही तर पुढच्या बोनपर्यंत किटली बोलत राहणार, हे इसोजीला कळत होतं.

"काकू," तो म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही उशाशी होता. गुरुजी 'इसो, तू' म्हणाले आणि गेले. पुढे काय म्हणणार होते, तुम्हाला काही अंदाज?"

"म्हणजे तुला ठाऊक नाही?"

"नाही."

"वर्षभर?"

"वर्षभर."

काकूंनी कप खाली ठेवला. किनुएकडे बघितलं, मग इसोजीकडे, मग त्याच्या गुडघ्यांकडे.

"अरे, तू त्यांच्या पांघरुणावर बसला होतास," त्या म्हणाल्या. "पाय आखडले होते त्यांचे, आणि पांघरूण हलेना. दोनदा मला डोळ्यानं खुणावलं. मी म्हटलं, असू दे, शिष्य आहे, बसू दे जरा."

 बाहेर काड्यांची राख विझत होती. कोंबड्यानं डावा पाय उचलायला बघितला, उचलला जाईना, पुन्हा बघितला, आणि खोकला.

काकू पुढे वाकल्या.

"आणि आताही," त्या म्हणाल्या, "दोऱ्यावर बसलायस त्यांच्या. जरा सरक बघू."